पहिले विमान कोणते घ्यावे?

रेडिओलहरींच्या साहाय्याने जमिनीवरून चालवता येणारे छोटे विमान आपणही बांधावे आणि उडवावे, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. मग सुटीत आई, बाबा किंवा मामा यांच्याबरोबर दुकानात जायचे, खोक्यांवरची रंगीत चित्रे पाहायची आणि त्यांतले सर्वांत ऐटबाज दिसेल ते उचलायचे! नेमकी हीच चूक मी केली. आणि मी तर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो.

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. तिने दुसऱ्या महायुद्धातल्या एका लढाऊ विमानाच्या चित्रावर बोट ठेवले आणि मलाही ते आवडले. दीड महिना रोज संध्याकाळी आम्ही दोघे लाकडाच्या पट्ट्या घासत आणि चिकटवत बसलो. एका रविवारी सकाळी विमान मैदानावर नेले. माझ्या हातातून सुटल्यावर ते जेमतेम चार सेकंद हवेत राहिले. डावा पंख खाली गेला आणि नाक मातीत रुतले. मुलीने निमूटपणे तुकडे गोळा केले. पण पुढे कित्येक महिने तिने त्या खोक्याला हात लावला नाही. विमान मोडल्याचे मला फारसे वाटले नाही, तिची हौस मोडली याचे फार वाटले. दोष तिच्या बांधणीचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. तो कसा, ते पाहू.

पंखावरचा भार

विमानाचे वजन पंख पेलतात. पंखाला मिळणारी उचल त्याच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पंख हवेला किती कोनात सामोरा जातो, यावरही ती अवलंबून असते. कोन वाढवला की उचल वाढते. पण साधारण १५ अंशांच्या आसपास हवेचा प्रवाह पंखाच्या वरच्या पृष्ठापासून सुटतो आणि उचल एकदम घटते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. त्यामुळे प्रत्येक विमानाला एक किमान वेग असतो. त्याच्या खाली गेले की ते कोसळते.

आता थोडे गणित करू. दोन विमाने घ्या, प्रत्येकाचे वजन १,२०० ग्रॅम. पहिल्याचा पंख टोकापासून टोकापर्यंत १५० सेंटिमीटर लांब व २५ सेंटिमीटर रुंद आहे. त्यावर १० सेंटिमीटर बाजूचे चौरस आखले तर ते साडेसदतीस भरतील. म्हणजे प्रत्येक चौरसावर ३२ ग्रॅम भार आला. दुसऱ्याचा पंख ८० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद. त्यात फक्त १६ चौरस बसतात आणि प्रत्येकावर ७५ ग्रॅम भार येतो. भार सुमारे २.३ पट झाला. किमान वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो दीडपट झाला. प्रत्यक्ष आकडे काढले तर पहिल्याला हवेत राहायला ताशी सुमारे २४ किलोमीटर वेग पुरतो. दुसऱ्याला ३६ लागतो.

आमचे लढाऊ विमान या दुसऱ्या जातीचे होते. मी हाताने दिलेला वेग त्याला पुरलाच नाही! शिवाय वेगवान विमान शिकाऊ माणसाला विचार करायलाही सवड देत नाही. म्हणून खोक्यावर लिहिलेले उड्डाणाचे वजन आणि पंखाचे क्षेत्रफळ पाहा आणि दुकानातच भागाकार करा. या आकाराच्या पहिल्या विमानासाठी दर चौरसाला ४० ग्रॅमच्या आत उत्तर आलेले बरे.

आपले आपण सावरणारे विमान

दुसरी गोष्ट पाहायची ती विमानाच्या ठेवणीची. पंख धडाच्या वर बसवलेला असावा आणि त्याची दोन्ही टोके किंचित वर उचललेली असावीत. असे विमान डावीकडे कलले की ते डावीकडे घसरू लागते. मग समोरून येणारी हवा डाव्या पंखाला अधिक कोनात भेटते, त्याची उचल वाढते आणि विमान पुन्हा सरळ होऊ लागते. ही युक्ती जुनी आहे. आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ साली पॅरिसमध्ये पिळलेल्या रबरावर चालणारे असेच एक चिमुकले विमान उडवून दाखवले. चालक नसताना ते सुमारे ४० मीटर गेले. राइट बंधूंचे विमान उडाले ते त्यानंतर ३२ वर्षांनी, १९०३ साली.

तिसरी गोष्ट गुरुत्वमध्याची. तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एकतृतीयांश अंतरावर हवा. २५ सेंटिमीटर रुंद पंखासाठी हे अंतर ६ ते ८ सेंटिमीटर होते. त्या जागी पंखाखाली दोन बोटांची टोके लावून विमान तोलून पाहा. नाक थोडे जड असले तर चालते. शेपूट जड असेल तर उडवूच नका. अशा वेळी बॅटरी पुढे सरकवली की बहुधा काम भागते.

कुणाचे हात?

काही विमाने तयारच मिळतात. काहींचे मोठे भाग नुसते जोडायचे असतात. तर काही संचांत बाल्सा लाकडाचे कापलेले तुकडे आणि पूर्ण आकाराचा नकाशा असतो. बाल्सा मुख्यतः इक्वेडोर देशातून येते आणि ते इतके हलके असते की एक घनसेंटिमीटर तुकडा अनेकदा ०.२ ग्रॅमही भरत नाही. बांधायचेच असेल तर नकाशा असलेला संच घ्या. विमान मोडणार हे धरूनच चाला. नकाशावरून मोडलेल्या पट्टीचा आकार गिरवून नवी कापता येते. आणि बांधताना मोठ्यांना एक विनंती करा : ‘तुम्ही धरा, चिकटवणार मी.’ ज्याने पंख जोडला त्यालाच तो दुरुस्त करता येतो.

शेपटीवरच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या यंत्रांना ‘सर्व्हो’ म्हणतात. त्यांना साधारणपणे सेकंदाला ५० वेळा विजेचा एक ठोका मिळतो. ठोका १.५ मिलिसेकंदाचा असेल तर झडप मध्यावर राहते. १ किंवा २ मिलिसेकंदांचा झाला की ती एका किंवा दुसऱ्या बाजूला वळते. सुरुवातीला शेपटीच्या दोन झडपा आणि मोटरचा वेग, एवढ्या तीनच गोष्टी हाताळायच्या असलेले विमान पुरे.

काही पथ्ये मात्र पाळायलाच हवीत. घरात तपासणी करताना पंखा काढून ठेवा. तो बोट कापू शकतो. लिथियम बॅटरी मोठ्यांच्या देखरेखीखालीच भारित करा. ती पेट घेऊ शकते. विमानतळाजवळ किंवा गर्दीत उडवू नका. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नकाशावर हिरवी, पिवळी आणि लाल क्षेत्रे दाखवलेली आहेत. ती आधी पाहून घ्या. शक्य तर एन.सी.सी.च्या हवाई विभागातला एखादा अनुभवी छात्र गाठा. तिथे अशी विमाने बांधतात आणि उडवतात.

साध्या विमानाला कमी लेखू नका. ऑगस्ट २००३ मध्ये मेनार्ड हिल या ७७ वर्षांच्या, दृष्टी अधू झालेल्या अमेरिकन गृहस्थांनी बांधलेले बाल्साचे विमान कॅनडाच्या किनाऱ्यावरून निघाले आणि जवळजवळ ३९ तासांनी आयर्लंडला उतरले. वजन ५ किलोग्रॅमहूनही कमी, आणि अटलांटिक महासागर पार!

आम्हीही पुढच्या वर्षी साधा, रुंद पंखाचा संच आणला. भागाकार मुलीने केला, चिकटवलेही तिनेच. पहिल्याच दिवशी ते झाडाला धडकले आणि तीन पट्ट्या मोडल्या. त्या रात्री मी जेवून उठेपर्यंत तिने नकाशा पसरून पहिली पट्टी गिरवायला घेतलीही होती.