उपग्रहाचे आंकडे आणि मौद्याचें आकाश

नागपूर-भंडारा रस्त्यावर, कन्हान नदीच्या कांठीं मौदा हें तालुक्याचें गांव आहे. आसपास धानाची शेती. रोवणीच्या दिवसांत शेतकऱ्याची नजर आभाळाकडे लागलेली असते. त्याच आभाळाकडे वरून पाहणारा इन्सॅट-३डीआर हा भारतीय हवामान-उपग्रह ८ सप्टेंबर २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडण्यांत आला. त्यानें टिपलेली माहिती अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या 'मोसडॅक' या भांडारांत ठेवलेली आहे, व नांव नोंदविणाऱ्यास ती मिळूं शकते.

पण मौद्याच्या एखाद्या हौशी विद्यार्थ्यानें ती फाइल घेऊन मजकूर वाचण्याच्या साध्या साधनांत उघडली, तर काय दिसतें? आरंभीं एका विचित्र चिन्हामागें एच, डी, एफ हीं रोमन अक्षरें, आणि पुढें नुसता चिन्हांचा कालवा. फाइल बिघडली असें समजून ती टाकून देऊं नये. ती यंत्रासाठीं लिहिलेली असते. १०२३ हा आंकडा लिहिण्यास आपल्याला चार अक्षरें लागतात. यंत्र तो दोन बाइटांत बसवितें.

एचडीएफ ही रचना अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत जन्मली. जुन्या वाड्यांतील कोठीच ती! कोठींत अनेक फडताळें, आणि प्रत्येकावर आंत काय आहे, कोणत्या मापानें आहे, याची चिठ्ठी. 'एच५डम्प' नांवाचें विनामूल्य साधन हें सारें साध्या अक्षरांत उतरवून देतें. प्रथम चिठ्ठ्याच मागाव्या. सगळी कोठी एकदम रिती केली तर लाखों आंकड्यांचा ढीग पडतो.

खरी मेख पुढेंच आहे. अक्षांशाच्या फडताळांत २११५ सांपडतात, चिठ्ठींत ०.०१ नें गुणावें असें असतें, तेव्हां कोठें मौद्याचा २१.१५ हा अक्षांश हातीं येतो. तापमानाचें आणखीच निराळें. तेथें ० ते १०२३ पर्यंतच्या नुसत्या खुणा असतात. कोणत्या खुणेस किती केल्व्हिन, याचें कोष्टक त्याच फाइलींत वेगळ्या फडताळांत असतें. केल्व्हिनमधून २७३.१५ वजा केले कीं आपले नेहमींचे अंश मिळतात. जेथें माहितीच नाहीं, तेथें ३२७६७ सारखा ठरीव आंकडा भरलेला असतो. भोळेपणानें तोहि सरासरींत धरला, तर सरासरीचा पार विचका होतो.

इतकें करून मौद्यावर २१० केल्व्हिन, म्हणजे शून्याखालीं सुमारें ६३ अंश, निघाले तरी घाबरूं नये. ती जमिनीची नव्हे, उंच वाढलेल्या पावसाळी ढगाच्या माथ्याची थंडी. लागोपाठच्या फाइलींतील तोच चौकोन एकाखालीं एक लिहिला, तर ढग वाढतो आहे कीं विरतो आहे हें आंकड्यांवरून कळतें. चौकोन सुमारें चार किलोमीटरांचा असल्यानें कोणाच्या बांधींत पाऊस पडेल, हें मात्र त्यावरून सांगतां येत नाहीं.