चाकाशेजारचा मोजणीदार

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर ‘एबीएस’चा, म्हणजे ब्रेक दाबताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. तो विझलाच नाही, तर चौकशी बरेचदा अंगठ्याएवढ्या एका वस्तूपाशी येऊन थांबते. ती वस्तू म्हणजे व्हील स्पीड सेन्सर. नावात स्पीड असला तरी वेग त्याला कळत नाही. चाकाबरोबर फिरणाऱ्या रिंगचे किती दाते नाकासमोरून गेले, एवढंच तो सांगतो. वेगाचं गणित पुढे एबीएसचा कंप्युटर मांडतो.

सेकंदाला चारशे दहा

१६५/८० आर १४ मापाचा टायर घ्या. एका फेऱ्यात तो सुमारे १.९५ मीटर पुढे जातो. ताशी ६० किलोमीटरला चाकाचे सेकंदाला साडेआठ फेरे होतात. रिंगला ४८ दाते असतील तर सेकंदाला सुमारे ४१० दाते झाले, आणि अशी चार चाकं! एखादं चाक बाकीच्या तिन्ही चाकांपेक्षा भलतंच झपाट्याने मंदावायला लागलं की कंप्युटर ओळखतो, हे आता लॉक होणार. मग त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतो, पुन्हा आवळतो, पुन्हा सैल करतो. पायाखालचं पेडल थरथरतं ते याचमुळे. बॉशने ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा १९७८ मध्ये आणली, आणि ती आधी मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बसली.

प्रदक्षिणेतले साडेनऊ मीटर

चौकातल्या वाहतूक बेटाला आपण वळसा घालतो तो देवळातल्या प्रदक्षिणेसारखाच, बेट उजव्या हाताला ठेवून. म्हणजे डावी चाकं बाहेरून पळतात. डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर एका पूर्ण फेरीत बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळपास साडेनऊ मीटर जास्त चालतं. आणि बेट लहान असो की मोठं, हा फरक तेवढाच राहतो! मला हे गणित फार आवडतं. दात्यांच्या संख्येतला हाच फरक स्टिअरिंगच्या कोनाशी जुळतो का, हे पाहून गाडी घसरत असल्याचा अंदाज बांधता येतो.

हवा कमी झालेल्या टायरचंही तसंच. त्याचा घेर किंचित घटतो, म्हणून त्याला इतरांपेक्षा थोडे जास्त फेरे घ्यावे लागतात. हवेचा दाब मोजणारं कुठलंही उपकरण न लावता काही गाड्या टायर बसल्याची सूचना देतात, ती याच मोजणीवरून.

दोन घराणी

जुन्या घराण्याचा सेन्सर म्हणजे चुंबक आणि त्यावर गुंडाळलेली तारेची कॉइल. समोरून लोखंडी दाता गेला की कॉइलमध्ये वीज उठते. त्याला बाहेरून वीज लागत नाही, पण गाडी माणसाच्या चालीवर आली की त्याचा आवाज पार बारीक होतो.

नव्या घराण्याच्या सेन्सरला वीज पुरवावी लागते, पण तो चाक जवळजवळ थांबेपर्यंत मोजत राहतो. बऱ्याच गाड्यांत त्याचं बोलणं ७ आणि १४ मिलीअँपिअर अशा दोनच पातळ्यांवर चालतं. यातल्या काहींचं मूळ १८७९ मध्ये सापडतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाच्या तरुणाने सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडली, वर चुंबक धरला, आणि प्रवाहाच्या आडव्या दिशेला व्होल्टेज उमटलं. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून १८ वर्षं होती! दुसऱ्या काही सेन्सरमध्ये १९८८ मध्ये फेर्ट आणि ग्रुनबर्ग यांनी शोधलेलं तत्त्व असतं. त्याला २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि हार्ड डिस्क वाचायलाही तेच कामी आलं.

खरेदीत गोंधळ होतो तो इथे. दोन्ही घराण्यांना बहुधा दोनच वायरी असतात आणि दिसायलाही ते सारखे असू शकतात, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

न दिसणारे दाते

अनेक नव्या गाड्यांत दातेरी रिंग नसतेच. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण असे चुंबकीय पट्टे भरलेले असतात, आणि डोळ्यांना ते साधं काळं रबर दिसतं. असं बेअरिंग उलटं ठोकलं तर चाक छान फिरतं, पण सेन्सरच्या वाट्याला काहीच येत नाही. जाणते मेकॅनिक चुंबकीय कार्ड टेकवून बाजू ओळखतात. लोखंडी कीस सांडलेल्या टेबलावर असं बेअरिंग ठेवूच नये.

खरा चोर कोण?

माझ्या जुन्या गाडीत कोरड्या रस्त्यावर, थांबता थांबता, पेडल उगाच थरथरायचं. एका गॅरेजमध्ये नवा सेन्सर बसवून घेतला, दहा दिवसांत थरथर परत. दुसऱ्या मेकॅनिकने चाक काढून टॉर्च मारला. सेन्सर ठणठणीत, रिंगला मात्र केसाएवढी चीर. लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. ॲक्सलवर घट्ट बसवलेल्या रिंगखाली तो फुगला की रिंग तडकते. चिरेपाशी मोजणी चुकते आणि मंद वेगात कंप्युटरला वाटतं, चाक घसरलं.

हाच गंज सेन्सरच्या बुडाशी साचला तर सेन्सर वर उचलला जातो. त्याच्या आणि रिंगच्या मध्ये साधारण मिलिमीटरभरच फट असते, ती थोडी वाढली तरी सिग्नल ढासळतो. खाऱ्या हवेतल्या कोकणातल्या गाड्यांनी हे विशेष जपावं. ब्रेकची लोखंडी भुकटी चुंबकाला चिकटते, उंदीर वायर कुरतडतात, कपलरमध्ये पाणी शिरतं. स्कॅनरवरचा कोड चाक दाखवतो, चोर दाखवत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की आधी सेन्सर काढून पुसा, रिंग एक पूर्ण फेरा फिरवून बघा, वायर बोटांनी चाचपा, आणि मगच पाकीट काढा. दिवा लागला तरी साधे ब्रेक बहुधा चालू असतात, पण एबीएसची साथ सुटलेली असते. दुरुस्ती लांबवू नका.

दुकानात जाताना

‘अमुक गाडीचा सेन्सर द्या’ एवढ्यावर भागत नाही. पुढचा की मागचा, डावा की उजवा, हे सांगावं लागतं. वायरची लांबी, कपलरचा आकार, क्लिपच्या जागा, सगळं बदलतं. १७ अक्षरी चेसिस नंबर आणि जुन्या सेन्सरवरचा पार्ट नंबर, दोन्ही फोटो काढून न्या. गाडीच्या कंपनीचा किंवा बॉश, कॉन्टिनेंटल, हेला यांच्यासारख्या सेन्सर बनवणाऱ्यांचा पार्ट मी निवडेन, पण तोही नंबर जुळवूनच. जुना कपलर कापून नव्या वायरीला जोड देऊ नका. चिखलपाण्यात तो जोड फार टिकत नाही.

कॉइलवाला सेन्सर ओहममीटरने तपासता येतो, आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडायचा. नव्या घराण्याच्या सेन्सरला ओहममीटर लावू नका, तो बिघडू शकतो. त्याची परीक्षा स्कॅनरवर, चाक फिरवून. बसवताना भोकातला गंज नीट साफ करा, आणि सेन्सर जात नसेल तर हातोडी उचलू नका.

दुचाकीवाल्यांनो

१ एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. त्यामुळे ही रिंग आता उघड्यावर बघायला मिळते. पुढच्या डिस्कच्या आत खाचाखाचांची एक छोटी चकती दिसेल, आणि तिच्याकडे तोंड करून बसलेला सेन्सर. पंक्चर काढायला चाक खोलताना त्याची बारीक वायर ताणली जाते, चकती वाकते. पुढच्या वेळी दुकानात चाक उतरवण्याआधीच दादांना ती वायर दाखवा.