मूळ पोथी वाचणारे न्यायमूर्ती

एकोणिसाव्या शतकात मुंबई उच्च न्यायालयात हिंदू वारसाहक्काचा दावा उभा राहिला की इंग्रज न्यायमूर्तींच्या पुढ्यात ‘मिताक्षरा’ आणि ‘व्यवहारमयूख’ या हिंदू कायद्यावरच्या संस्कृत ग्रंथांची इंग्रजी भाषांतरं असत. विधवेला काय मिळणार, दत्तकाला काय, हे कधी कधी एका संस्कृत शब्दाच्या अर्थावर ठरे. अशा न्यायासनावर 1889 मध्ये, न्यायमूर्ती नानाभाई हरिदास यांच्या जागी, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आले. त्यांना भाषांतराची गरज नव्हती.

तेलंगांचा जन्म 1850 चा, मुंबईतला. एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये शिक्षण झालं. 1872 मध्ये ते ॲडव्होकेट झाले आणि इंग्रज बॅरिस्टरांचा दबदबा असलेल्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे जिथे दावे थेट उच्च न्यायालयातच दाखल होत त्या शाखेत, उभे राहिले. वकिली जोरात चालली असतानाच त्यांनी ‘मुद्राराक्षस’ संपादित केलं, भर्तृहरीची शतकं संपादित केली. मॅक्सम्युलर यांनी संपादित केलेल्या पौर्वात्य धर्मग्रंथांच्या मालेत 1882 मध्ये त्यांचा भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद निघाला, तेव्हा त्यांचं वय होतं बत्तीस! दिवसभर कोर्ट आणि उरलेल्या वेळात हे काम. या माणसाची शिस्त थक्क करते.

हीच विद्वत्ता न्यायासनावर उपयोगी पडली. जुना ग्रंथ काय सांगतो आणि लोकांत रूढी काय चालते, दोन्ही तपासून ते निकाल देत. हिंदू कायद्यावरचे त्यांचे निकाल पुढे प्रमाण मानले गेले. माझ्या मते गीतेच्या अनुवादाइतकंच हे काम मोलाचं आहे, पण त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

एक गोष्ट मात्र सलते. मुलींचं शरीरसंबंधाचं संमतिवय वाढवणाऱ्या कायद्याला पाठिंबा देणाऱ्या तेलंगांनी 1893 मध्ये आपल्या आठ वर्षांच्या मुलीचं लग्न लावून दिलं. सुधारक दुखावले, टीका झाली. घरातल्या माणसांच्या दबावापुढे ते नमले, असं त्यांचे स्नेही म्हणत. ते खरं धरलं, तरी ती चूकच होती. कायद्यात जे हवं होतं, ते स्वतःच्या उंबरठ्याच्या आत त्यांना करता आलं नाही.

1892 मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले होते. 1 सप्टेंबर 1893 रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. उच्च न्यायालयातल्या त्यांच्या जागी त्याच वर्षी महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली.