विश्लेषण : डोक्यातली गोष्ट पडद्यावर न्यायचीय? नव्या पटकथालेखकाने सुरुवात कुठून करावी?

‘लापता लेडीज’ १ मार्च २०२४ रोजी प्रदर्शित झाला. पुढे तो ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिकाही ठरला. वर्षभराने, एप्रिल २०२५ मध्ये, समाजमाध्यमांवर एकाएकी आरोप सुरू झाले की हा चित्रपट २०१९ च्या एका अरबी लघुपटावरून उचललेला आहे. मूळ कथाकार बिप्लब गोस्वामी यांनी त्याला तारखांनी उत्तर दिलं. ‘टू ब्राइड्स’ या नावाने आपण या गोष्टीचा सविस्तर सारांश २०१४ मध्ये आणि पूर्ण पटकथा २०१८ मध्ये स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवली होती, असं त्यांनी जाहीर निवेदनात सांगितलं. म्हणजे सारांशाची तारीख त्या लघुपटाच्या पाच वर्षं आधीची.

गोस्वामी काही चित्रपटसृष्टीतलं गाजलेलं नाव नव्हतं. त्यांची पटकथा ‘सिनेस्तान’च्या पटकथा स्पर्धेत उपविजेती ठरली होती. परीक्षकांमध्ये आमिर खान होता, तिथून ती किरण रावपर्यंत पोहोचली. सारांश नोंदवल्यापासून चित्रपट थिएटरमध्ये लागेपर्यंत जवळपास दहा वर्षं गेली.

पटकथालेखक व्हायचंय म्हणणाऱ्या बहुतेकांच्या मनात दोन भीती असतात. एक, माझी गोष्ट कोणी चोरली तर? आणि दुसरी, मला जमेल का? दोन्हींचं उत्तर बऱ्याच अंशी एकच आहे : पूर्ण लिहिलेली पानं. कसं, ते पाहू.

कल्पना चोरीला गेली तर?

सगळ्यात आधी कटू भाग. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. ‘दोन नवऱ्या मुली ट्रेनमध्ये बदलतात’ एवढी ओळ तुम्ही कुणाला सांगितली आणि त्याने त्यावर स्वतःची वेगळी पटकथा लिहिली, तर कायदा तुमच्या फारसा उपयोगाचा नाही.

याचा दाखला म्हणून आजही आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल दिला जातो. आनंद यांचं ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक प्रांतवादावर होतं. १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला, त्याचाही विषय प्रांतवाद होता आणि आनंद यांनी आपलं नाटक दिग्दर्शकाला आधी ऐकवलंही होतं. तरी ते हरले. विषय एकच असला तरी मांडणी वेगळी आहे, असं न्यायालयाने म्हटलं. संरक्षण मिळतं ते कल्पनेच्या अभिव्यक्तीला, म्हणजे तुम्ही रचलेल्या पात्रांना, प्रसंगांच्या साखळीला, संवादांना.

याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. एका ओळीची गोष्ट सांगत फिरणारा लेखक उघड्यावर असतो. १०० पानं लिहून झालेला लेखक बराच सुरक्षित असतो, कारण दाखवायला त्याच्याकडे अभिव्यक्ती असते.

कॉपीराइट लिहिल्याक्षणी तयार होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर तारीख सिद्ध करावी लागते आणि तिथे नोंदणी कामाला येते. मार्ग दोन आहेत. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन ऑनलाइन नोंदणी करता येते. सारांशही नोंदवता येतो आणि पूर्ण पटकथाही. दुसरा मार्ग केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयाचा. साहित्यकृतीसाठी तिथे ५०० रुपये शुल्क आहे आणि हरकतींसाठी अर्जानंतर ३० दिवस थांबावं लागतं. स्वतःलाच ईमेल किंवा रजिस्टर पोस्ट पाठवून ‘पुरावा’ तयार करण्याचा सल्ला अजूनही फिरतो, त्यावर विसंबू नये.

कुणालाही पटकथा पाठवताना ईमेलनेच पाठवा आणि भेटीनंतर ‘आज आपण अमुक गोष्टीवर बोललो’ असं दोन ओळींचं मेल टाका. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ टाकून मोकळं होण्याची सवय मोडा.

पण दाखवायला हातात काय हवं?

कथा, पटकथा आणि संवाद यांत नव्या लोकांचा हमखास गोंधळ होतो. काय घडतं ती कथा. ते कोणत्या दृश्यांत, कोणत्या क्रमाने दिसतं ती पटकथा. पात्रं काय बोलतात ते संवाद. श्रेयनामावलीत ही तीन कामं वेगवेगळ्या माणसांची असू शकतात. ‘लापता लेडीज’मध्येही कथा गोस्वामींची, तर पटकथा आणि संवाद गुजराती रंगभूमीवरून आलेल्या स्नेहा देसाई यांचे आहेत. ‘अर्धसत्य’ची मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. आपला हात यातल्या नेमक्या कशात चालतो, हे ओळखणं हाही करिअरचाच भाग आहे.

निर्मात्याकडे जाताना तीन गोष्टी लागतात : दोन वाक्यांची लॉगलाइन, दोन-तीन पानांचा सारांश आणि पूर्ण पटकथा. पहिल्या दोन्हींच्या जोरावर भेट मिळते. तिसरी नसेल तर ती भेट तिथेच संपते.

फॉरमॅटबद्दल इंटरनेटवर इंग्रजीत ढिगाने माहिती आहे, मराठीत लिहिणाऱ्याची अडचण मात्र तिथे सापडत नाही. ‘एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट’ हा नियम १२ पॉइंटच्या कुरियर फॉन्टमधल्या इंग्रजी पानासाठी आहे. देवनागरीत फॉन्ट आणि ओळींमधलं अंतर बदललं की हा हिशेब कोलमडतो. हिंदीतले अनेक लेखक संवाद रोमन लिपीत लिहितात, त्यामागे सॉफ्टवेअर आणि इंग्रजी माध्यमातले नट अशी दोन्ही कारणं आहेत. मराठीत देवनागरीच चालते. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही, साधं गूगल डॉक्स पुरतं. दृश्य क्रमांक, आत की बाहेर, ठिकाण, दिवस की रात्र, मग कृती आणि संवाद. एवढी शिस्त पाळली आणि प्रत्येक मसुद्याच्या फाइलला तारीख दिली की झालं. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशा नावांच्या फाइली इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टमध्येही रडवतात, इथेही रडवतील.

नॅरेशनची धास्ती

आपल्याकडे पटकथा वाचली जाण्याआधी बहुतेक वेळा ती ऐकली जाते. निर्माता, दिग्दर्शक किंवा नटासमोर बसून दीड-दोन तास गोष्ट सांगायची, यालाच नॅरेशन म्हणतात. चांगलं लिहिणारे कित्येकजण इथे गडबडतात. विशेषतः जिल्ह्याच्या गावातून आलेला, हिंदी किंवा इंग्रजीत अडखळणारा लेखक समोरच्या चकचकीत ऑफिसलाच अर्धा घाबरलेला असतो.

यावर जादूचा उपाय नाही, सराव आहे. आधी दहा मिनिटांचं नॅरेशन तयार करा, मग तीस, मग पूर्ण. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. आपण कुठे घाई करतो, कुठे ‘म्हणजे ना, तिथे काहीतरी होतं’ असं म्हणून वेळ मारून नेतो, ते लगेच कळतं. ती जागा बहुतेकदा सांगण्यात कच्ची नसते, लिहिण्यातच कच्ची असते. मित्राला ऐकवताना तो कोणत्या प्रसंगाला मोबाइल हातात घेतो, तिथे खूण करा. तो नंतर ‘मस्त आहे रे’ म्हणेल, त्याकडे लक्ष देऊ नका. खूण खरी.

भाषेची लाज बाळगण्याचंही कारण नाही. करमाळ्याच्या नागराज मंजुळेंनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि मग ‘फँड्री’, ‘सैराट’ आले. त्या चित्रपटांची ताकदच त्यांच्या बोलीत आहे.

पहिली संधी कुठे मिळते?

महाराष्ट्रातल्या लेखकाला एक फायदा आहे, ज्याची किंमत बाहेरच्यांना चटकन कळते आणि आपल्याला कळत नाही : एकांकिका स्पर्धा. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. फिरोदिया आहे, सवाई आहे. तालमीत नट तुमचं वाक्य बोलायला घेतो आणि ते त्याच्या तोंडात बसत नाही, तेव्हा संवाद म्हणजे काय ते कळतं. प्रेक्षक खोकायला लागले की दृश्य लांबलंय हेही कळतं. इतका थेट अभिप्राय कुठल्याही ऑनलाइन कोर्समध्ये मिळत नाही. चैतन्य ताम्हाणेही आधी नाटक लिहून-बसवून मग चित्रपटाकडे आला. ‘कोर्ट’ची पटकथा लिहिता यावी म्हणून विवेक गोम्बर या नटाने त्याला दरमहा ठरावीक रक्कम दिली आणि पुढे तोच त्या चित्रपटाचा निर्माता झाला. गोम्बरशी ताम्हाणेची ओळख नाटकातूनच झाली होती. ताम्हाणेच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला.

दुसरी वाट मालिकांची. दैनंदिन मालिकेला नाकं मुरडणारे बरेच आहेत, पण आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी साधारण २२ मिनिटांचे, म्हणजे हात थांबवायची सोयच नाही. कथा, पटकथा, संवाद इथे बहुधा तीन वेगवेगळ्या लोकांकडे असतात, त्यामुळे संवादलेखकाचा सहायक म्हणून आत शिरता येतं. वाहिनीकडून रात्री अकराला बदल येतात आणि सकाळच्या शिफ्टला सीन लागतो. दोन-तीन वर्षांनंतर मात्र बाहेर पडायची तारीख स्वतःच ठरवावी लागते, नाहीतर स्वतःची पटकथा कपाटातच राहते.

प्रशिक्षण हवं असेल तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे. एनएफडीसीच्या स्क्रीनरायटर्स लॅबमध्ये निवडक पटकथांवर अनुभवी लेखकांच्या मार्गदर्शनाखाली काम होतं. ‘तितली’ आणि ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ तिथूनच घडले. अशा ठिकाणी अर्ज करताना पुन्हा तोच प्रश्न येतो : लिहिलेलं काय आहे?

सही करण्याआधी

गोष्ट चोरीला जाण्यापेक्षा नव्या लेखकाचं नुकसान जास्त होतं ते न वाचता केलेल्या सहीने आणि फुकट कामाने. ‘आधी पाच-दहा पानं लिहून दाखव, मग बघू’ याचा शेवट अनेकदा पाच-दहा मसुद्यांत होतो. नमुना म्हणून आधी लिहिलेलं द्या. त्यांच्या कल्पनेवर नव्याने लिहायचं असेल तर, रक्कम लहान का असेना, आगाऊ मागा.

करारात पाहायच्या गोष्टी : मानधन किती टप्प्यांत, किती मसुद्यांचं, मधेच काम थांबवलं तर काय मिळणार, आणि श्रेयनामावलीत नाव कसं येणार. शेवटचा टप्पा ‘चित्रपट प्रदर्शित झाल्यावर’ असेल तर ते पैसे कदाचित कधीच येणार नाहीत असं धरून चाला. टीव्हीत प्रक्षेपणानंतर ९० दिवसांनी पैसे मिळण्याची पद्धत सर्रास आहे, तेव्हा नोकरी सोडण्याआधी निदान तेवढ्या महिन्यांची सोय हवी.

कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने आहे, हे अनेकांना माहीतच नसतं. कलम १९ नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं मानलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. एक वर्षात निर्मात्याने हक्क वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही नसल्यास, ते लेखकाकडे परत येतात. म्हणूनच निर्मात्यांच्या छापील करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगभर’ हे शब्द असतात. ते काढायला सांगणं हा उद्धटपणा नाही. निदान ‘तीन वर्षांत चित्रीकरण सुरू न झाल्यास हक्क परत’ एवढी ओळ तरी मागून पाहावी.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट दिली. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून, म्हणजे टीव्ही, ओटीटी वगैरेंतून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा लेखकाला सोडून देता येत नाही, त्याने सही केली तरीही. तेव्हा राज्यसभेत असलेल्या जावेद अख्तर यांनी यासाठी पाठपुरावा केला होता. हे पैसे प्रत्यक्षात हातात पडणं अजून सोपं नाही, पण हक्क कागदावर आहे आणि ‘मी रॉयल्टी सोडतो’ असं कलम दिसलं तर त्यावर बोट ठेवता येतं. करार वाचून घ्यायला, वाद मांडायला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. मराठीत मालिका, नाटक, चित्रपट या तिन्हींच्या लेखकांची ‘मानाचि’ ही संघटना आहे.

किती वर्षं द्यायची?

याचं प्रामाणिक उत्तर : तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त. वरुण ग्रोव्हर बनारसमध्ये सिव्हिल इंजिनीअर झाला, पुण्यात वर्षभरही न टिकलेली सॉफ्टवेअरची नोकरी करून मुंबईत लेखक व्हायला आला. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांसाठी लिहायला त्याने २००४ च्या सुमारास सुरुवात केली. ‘मसान’ आला २०१५ मध्ये. मधली वर्षं त्याने वाट पाहण्यात घालवली नाहीत. टीव्ही, स्टँडअप, गाणी, सगळं लिहिलं.

नावासाठी भांडणंही जुनंच आहे. १९७३ मध्ये ‘जंजीर’च्या पोस्टरवर लेखकांची नावं नव्हती. सलीम-जावेदनी रंगाऱ्याला पैसे देऊन मुंबईभरच्या पोस्टरांवर रातोरात आपली नावं रंगवून घेतली. घाईत काही ठिकाणी ती नटांच्या चेहऱ्यावर आली, असं ते दोघं नंतर हसत सांगत. तेव्हा ‘शोले’ यायला अजून दोन वर्षं होती.