कारूनच्या तळ्याचा सरकता किनारा

कैरोच्या नैऋत्येला सुमारे शंभर किलोमीटरवर वाळवंटात एक हिरवा, खोलगट प्रदेश आहे. त्याचे नाव फय्यूम. हे नाव 'समुद्र' वा 'सरोवर' अशा अर्थाच्या कॉप्टिक शब्दावरून आले. प्रदेशाच्या तळाशी आहे 'बिरकत कारून', म्हणजे कारूनचे तळे. कुरआनात ज्याचा उल्लेख आहे तो गर्विष्ठ धनवान कारून इथेच खजिन्यासह जमिनीत गडप झाला, अशी तिथली लोकसमजूत आहे.

तळ्याच्या उत्तरेला ओसाड वाळवंटात फरसबंदीचा एक प्राचीन रस्ता आहे. पिरॅमिडांच्या काळात खाणीतला काळा बेसाल्ट या रस्त्याने धक्क्यावर येई आणि तिथून होड्यांनी पुढे जाई. धक्का आजही आहे, पाणी मात्र कित्येक किलोमीटर दूर गेले. तेव्हा तळ्याची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 60 मीटर उंच होती.

हे घडले कसे? नाईलला पूर आला की पाणी एका खिंडीतून आत येई. त्याबरोबर आलेला गाळ पंख्याच्या आकारात पसरला. तीच आजची सुपीक जमीन. पाणी आणणाऱ्या प्रवाहाला आज 'बहर यूसुफ' म्हणतात. तो हजरत यूसुफ (अ.स.) यांनी खोदला, असे लोक मानतात. मुळात ती नाईलचीच शाखा; माणसांनी ती वेळोवेळी खोल केली.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात टॉलेमी राजांनी येणारे पाणी रोखले. तळे आटले, उघड्या पडलेल्या जमिनीवर शेती आणि करानिससारखी गावे वसली. पुढे कडेचे कालवे गाळाने भरले. पाणी तुटले तशी गावे उठली, घरांवर वाळू चढली. तळाचा सुकलेला गाळ वाऱ्याने कोरून त्याचे उंचवटे झाले. तेराव्या शतकात अय्यूबी सुलतानाचा अधिकारी अन्-नाबुलसी याने इथल्या गावांची, पाण्याच्या वाटपाची आणि करांची तपशीलवार नोंद केली. पाणी मोजून वाटल्याशिवाय इथे शेती टिकत नव्हती, हे त्यातून स्पष्ट दिसते.

आज तळ्यात येते ते मुख्यतः शेतांतून निचरा झालेले पाणी. बाहेर जायला वाट नाही. पाणी उन्हाने उडते, मीठ मागे राहते. एकेकाळचे गोडे तळे समुद्रासारखे खारट झाले आणि मासेमारी घटली.

सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातील क्षारपड जमिनी पाहिलेल्यांना हे नवे वाटणार नाही. शेताला पाणी देताना ते पुढे कुठे जाणार, याचाही हिशेब आधीच करायला हवा.