समुद्राला लोखंड पाजलं, पण…

शुद्ध चुनखडी भट्टीत भाजली, की १०० किलोतून ५६ किलो चुना हाती लागतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून हवेत जातो. कोळशाचा धूर वेगळाच. छत्तीसगडमधल्या जामुलच्या सिमेंट कारखान्यामागचं रसायन हेच. शेजारी भिलाईत लोखंड ओतलं जातं. हवेतला कार्बन समुद्राच्या पोटात ढकलण्याच्या ज्या योजना सध्या गाजताहेत, त्यांतल्या दोहोंचा कच्चा माल हाच आहे: लोखंड आणि चुना.

लोखंडाचा प्रयोग आपल्या शास्त्रज्ञांनी करून पाहिलाय. जानेवारी २००९ मध्ये गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची माणसं ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजातून केपटाऊनहून दक्षिणेकडे निघाली. नेतृत्व गोव्याचे वाजिह नक्वी आणि जर्मनीचे व्हिक्टर स्मेटासेक यांचं. पर्यावरणवाद्यांनी एवढा गदारोळ केला, की जर्मन सरकारने प्रयोग काही काळ रोखून धरला.

दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट मुबलक, लोह मात्र नाममात्र. ते मिळालं की सूक्ष्म शैवाल फोफावेल, कार्बन ओढून घेईल आणि मेल्यावर तळाशी जाईल, हा तर्क. सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात फेरस सल्फेट सोडलं. दोन आठवड्यांत शैवाल दुप्पट झालं! आणि मग कोपेपॉड नावाच्या इवल्या कवचधारी जीवांनी त्यावर ताव मारला. कोपेपॉडना त्यांच्याहून मोठ्या ॲम्फिपॉडनी खाल्लं. खोल पाण्यात कार्बन जेमतेमच गेला.

अडलं ते सिलिकावर. डायटम या शैवालाला सिलिकाचं टणक कवच असतं, त्यामुळे ते सहजी चरलं जात नाही. पण इथल्या पाण्यातला सिलिका आधीच संपलेला होता. स्मेटासेक यांच्या २००४ च्या प्रयोगात डायटम बहरले, तेव्हा त्यांतला निम्मा तरी बहर हजार मीटरखाली बुडाला होता.

वर्तमानपत्रांनी २००९ चा प्रयोग फसला म्हणून निकालात काढला. मला तो फार मोलाचा वाटतो. अमुक टन लोखंड टाका, तमुक टन कार्बन गेला असं समजा, हा व्यापारी हिशेब समुद्रात टिकत नाही, हे त्याने दाखवून दिलं.

चुन्याचं गणित अधिक भरवशाचं. समुद्रात चुन्याचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडचे जवळजवळ दोन रेणू बायकार्बोनेटच्या रूपात बांधू शकतो. पण त्यातला एक भट्टीने आधीच हवेत सोडलेला असतो, वर इंधनाचा धूर. तेव्हा आधी भट्टीचा वायू धुराड्यातच पकडा. तोवर समुद्रात चुना ओतण्याच्या गोष्टी करू नयेत.