मदतनीसही शिक्षिकाच

माँटेसरी वर्गात दोन मोठी माणसे असतात. मुख्य शिक्षिका एकेका मुलाजवळ बसून साधन कसे हाताळायचे ते दाखवते. दुसरी असते साहाय्यक शिक्षिका. तिचे प्रशिक्षण बाहेरच्या माणसाला फार साधे वाटेल. खुर्ची आवाज न करता ठेवणे, चटई गुंडाळणे, तांब्यातून पेल्यात पाणी ओतणे, हे सगळे ती आधी स्वतः सावकाश करायला शिकते. कारण मूल तिचे बोलणे ऐकण्याआधी तिचे हात पाहते. गुलाबी मनोरा या साधनात दहा ठोकळे असतात, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा. मुलाने क्रम चुकवला तरी तिने हात पुढे करायचा नाही. मनोरा वेडावाकडा दिसला की मूल स्वतःच थबकते आणि पुन्हा मांडते. रमलेल्या मुलाजवळ दुसऱ्याला जाऊ न देणे, सांडलेले पुसायला फडके त्याच्या हाताशी येईल असे ठेवणे, दिसले ते टिपून ठेवणे हे तिचे काम. मदत करण्याची सवय लागलेल्या बाईला मदत आवरायला शिकवणे, हाच या शिक्षणातला सर्वांत अवघड भाग आहे.

1907 साली मारिया माँटेसरींनी रोममध्ये पहिले बालगृह उघडले ते सॅन लोरेंझो या गरीब कामगारवस्तीत. तिथे मुलांजवळ नेमलेली बाई प्रशिक्षित शिक्षिका नव्हती. आज आपल्याकडे माँटेसरी म्हटले की महागडी शाळा डोळ्यांपुढे येते, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

महाराष्ट्रात ही पद्धत गरिबाच्या अंगणात नेली ती ताराबाई मोडकांनी. 1926 साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई यांनी नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. 1945 मध्ये ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम केले. महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, खडे, पाने आणि माती हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आधी मुलांना आंघोळ घालायची, मग शिकवायचे. अशा शाळेत मुलांना घरून आणणारी, त्यांचे केस विंचरणारी, त्यांची बोली बोलणारी बाई कमी महत्त्वाची कशी ठरेल? माझ्या मते कोसबाडचे सर्वांत मोठे देणे ही दृष्टी आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याला हे परके वाटू नये. बायकांनी शिकवायला शिकावे याची इथली परंपरा जुनी आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार 1839 साली नगरला आल्या. सावित्रीबाई फुल्यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे चरित्रकार सांगतात. जामखेडचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांपुढचे आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून तिथे गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांतल्या बऱ्याचजणींना अक्षरओळखही नव्हती. त्यांना एकदाच शिकवून सोडून दिले नाही. त्या पुन्हापुन्हा जामखेडला येत, गावातले अनुभव मांडत आणि नवे शिकून परत जात. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाळंतपण करणे आणि कुपोषण रोखणे ज्या रीतीने शिकवता आले, त्या रीतीने बालशिक्षण का शिकवता येऊ नये?

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस अशी जोडी असते. कागदोपत्री मदतनिसीकडे मुलांना आणणे, आहार आणि झाडलोट. पण सेविका लसीकरणाच्या दिवशी, गृहभेटीला किंवा बैठकीला गेली की तीन ते सहा वर्षांची मुले मदतनिसीपाशीच असतात. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या वाडीवर असो की नगर शहराच्या वस्तीत, त्या वेळी तीच त्यांची शिक्षिका असते. तरीही प्रशिक्षणाचा विषय निघाला की आपण सेविकेपुरताच विचार करतो. सारवलेल्या जमिनीवर चिंचोके मांडून मोजायला लावणे, गोष्ट सांगणे, खरखरीत अक्षरावरून बोट फिरवायला देऊन गप्प बसणे, यासाठी पदवी लागत नाही. जाणकार व्यक्तीच्या शेजारी बसून सराव मात्र लागतो, आणि तो दरवर्षी लागतो.

एक सूचना खासगी अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्या मुलींसाठी. 'माँटेसरी' हे नाव कोणाच्या मालकीचे नाही. पाटीवर ते कोणीही लिहू शकते. पैसे भरण्याआधी विचारा: साधने हाताळायला मिळतील का? चालू वर्गात बसून निरीक्षण करायला मिळेल का? दोन्हींचे उत्तर 'नाही' असेल तर तो अभ्यासक्रम घेऊ नका.

आणि गावकऱ्यांनो, पुढच्या ग्रामसभेत अंगणवाडीचा विषय निघेल तेव्हा छपराबरोबर आणि खाऊबरोबर हेही विचारा, की आपल्या मदतनीस ताईंना शेवटचे प्रशिक्षण कधी मिळाले आणि त्यात मुलांना शिकवण्याविषयी काय होते.